दगडातला पिंगळा : पहिल्यांदाच टाकी हातात घेणाऱ्यांसाठी

दगडात काही घडवायचं म्हटलं की बहुतेकांना आधी गणपती आठवतो, नाहीतर घोड्यावरचे शिवाजी महाराज. दोन्ही विषय नवशिक्याला जड जातात. माणसाचा चेहरा सूतभर चुकला तरी बघणाऱ्याला खटकतो आणि घोड्याचे चार बारीक पाय दगडात उभे करणं मुरलेल्या हातालाही सोपं नसतं. म्हणून पहिल्या शिल्पासाठी मी प्रत्येकाला एकच सल्ला देते: घराच्या आसपास रोज दिसणारा, अंग आवरून बसणारा एखादा जीव निवडा. माझ्या मते त्यात पिंगळ्याला तोड नाही.

पिंगळा म्हणजे आपलं लहान घुबड. चिंच, वड, आंबा, जुन्या वाड्याची भिंत, विहिरीची कपार, जिथे ढोली किंवा पोकळी असेल तिथे तो जोडीने राहतो. त्याची लांबी जेमतेम २१ सेंटीमीटर, त्यामुळे तो खऱ्या आकारात घडवता येतो. कुठलंही माप मोठं-लहान करत बसावं लागत नाही. तो बसतो तेव्हा मान दिसत नाही, पंख अंगाला चिकटलेले असतात आणि पाय पिसांत दडलेले. सगळा पक्षी मिळून एक अंडाकृती गोळा. दगडाला नेमका असाच आकार मानवतो, कारण बाहेर आलेलं प्रत्येक टोक आज ना उद्या तुटतं.

आणखी एक कारण आहे, ते मला मनापासून सांगायचं आहे. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात. त्याचा आवाज आला की दगड मारून हाकलतात, ढोलीचं झाड तोडतात, कुठे कुठे जादूटोण्यासाठी त्याचा जीवही घेतात. तोच पिंगळा आपल्या शेतातले उंदीर आणि किडे खातो. पहाटे दारावर येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला या पक्ष्याची भाषा कळते असं लोक मानत आले, म्हणजे एकेकाळी त्याचं बोलणं ऐकण्यासारखं वाटत होतं. महिना-दोन महिने त्याचा आकार हाताखाली घडवलेला माणूस त्याच्यावर पुन्हा दगड उचलणार नाही, असं मला वाटतं.

आधी पंधरा दिवस नुसतं बघा

टाकी हातात घेण्याआधीची ही पायरी बहुतेक जण गाळतात. तुम्ही गाळू नका. संध्याकाळी दिवेलागणीच्या जरा आधी पिंगळा ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो. तीस-चाळीस पावलांवर उभं राहा, शक्यतो दुर्बीण घेऊन. त्याला संशय आला की तो डोकं खाली-वर करतो आणि टक लावून बघतो. अंग एका दिशेला, तोंड दुसरीकडे, ही त्याची खास बैठक आहे. तिच्यामुळेच तुमच्या दगडात जीव येणार आहे.

वहीत रोज पाच-सहा चित्रं काढा. चांगली येत नसली तरी चालतील, पण फक्त बाह्यरेषा काढा. समोरून, बाजूने, पाठीमागून. डोळे आणि पिसं काढायचा मोह टाळा. बाह्यरेषेवरून पिंगळा ओळखू आला, तर दगडातही तो ओळखू येईल. काही गोष्टी टिपून ठेवा: डोकं रुंद आणि वरून चपटं, जवळपास धडाइतकंच रुंद. पाठीची रेघ खांद्यापासून शेपटीपर्यंत तिरकी उतरते, पोटाची रेघ फुगते. कानांवर शिंगांसारखे तुरे नसतात. तुरे दिसले तर तो पिंगळा नव्हे, दुसरं घुबड आहे.

विणीचा हंगाम साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्या दिवसांत ढोलीजवळ जाऊ नका, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका, रात्री झोत टाकू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण दिलेलं आहे.

तुम्ही मेळघाटात किंवा नंदुरबारच्या तळोदा-शहादा भागात राहत असाल, तर रानपिंगळ्याचा विचार करा. १८८४नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना मिळाला नव्हता, तो नामशेष झाला असं धरलं जात होतं. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळच्या जंगलात अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो पुन्हा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी. शिल्पकाराच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक असा की साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं. दगडात हा फरक कसा दाखवायचा, ते पुढे येईल.

जुन्या कारागिरांचं बघणं किती पक्कं होतं, हे समजायला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं एक स्तंभशीर्ष जरूर पाहा. तिथे चार हरणांना मिळून एकच डोकं आहे. कुठल्याही धडाकडे बघितलं तरी ते डोकं त्याचंच वाटतं, कारण एक हरीण खाजवतंय, एक बसलंय, अशी प्रत्येक धडाची ठेवण खऱ्या हरणाची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातली कातळशिल्पं त्याहून कितीतरी जुनी. तिथे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे लाल सच्छिद्र दगडाच्या उघड्या पठारावर, फक्त रेघेने प्राणी उभे केलेत. कशेळीच्या सड्यावर एका भल्यामोठ्या हत्तीच्या रेघेच्या पोटात इतर अनेक प्राणी आहेत, आणि काही सड्यांवर तर आज कोकणात कुठेच नसलेला गेंडाही आहे. डोळा नाही, कातडीच्या सुरकुत्या नाहीत, तरी प्राणी ओळखू येतो. बाह्यरेषेवर भर द्या असं मी का म्हणते, ते तिथे उभं राहिल्यावर पटेल. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला बैल, हरीण आणि मोर आहेत. तेही जांभ्यातच.

दगड कोणता घ्यावा

महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसाल्ट. वेरूळचं कैलास याच दगडात वरून खाली खोदत आणलं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात. त्याच्या जोत्यातले हत्ती पाहिले की आपणही काळ्या पाषाणातच सुरुवात करावी असं वाटतं. पण तो फार कठीण आहे. नवख्याच्या हाताने दिवसभरात मूठभर कपच्या निघतात, मनगट सुजतं आणि उत्साह आठवड्यात मावळतो.

पहिल्यांदा मऊ दगड घ्या. संगजिऱ्याचा दगड, ज्याला बाजारात सोपस्टोन म्हणतात, तो नखाने किंवा साध्या खिळ्याने ओरखडला जातो. करवतीने कापता येतो, कानशीने घासता येतो आणि घोटल्यावर सुंदर दिसतो. कर्नाटकातली बेलूर-हळेबीडची देवळं याच जातीच्या मऊ दगडाची, म्हणून तिथे दागिन्याइतकी बारीक नक्षी निघाली. हा दगड राजस्थान, कर्नाटक, ओडिशातून येतो. मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यात उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, तिथे आधी विचारा.

माप २४ × १३ × १३ सेंटीमीटर पुरेसं आहे. असा तुकडा साधारण ११ किलोचा होतो, म्हणजे एकट्याने उचलता आणि फिरवता येतो. याहून मोठा घेऊ नका. दगड फिरवायचा कंटाळा आला की माणूस एकाच बाजूने काम करत बसतो आणि शिल्प बिघडतं.

घेताना दोन परीक्षा करा. दगड वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोडीने हलकेच टकटक करा. खणखणीत आवाज आला तर दगड एकसंध आहे, बद्द आवाज आला तर आत कुठेतरी भेग आहे. शिल्पशास्त्रातही आवाजावरून दगडाचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे प्रकार सांगितलेत, म्हणजे ही कसोटी जुनी आहे. दुसरी परीक्षा पाण्याची. पूर्ण दगड भिजवून उन्हात ठेवा. बाकीचा दगड वाळला तरी भेगेत पाणी राहतं आणि तिथे काळपट रेघ दिसत राहते. ती रेघ डोळ्यांच्या किंवा चोचीच्या जागेवर येणार असेल, तर तो तुकडा परत करा.

किल्ल्यावरचा, लेण्याजवळचा किंवा पडक्या देवळाचा घडीव दगड कधीही उचलू नका. अभयारण्यातला दगडही नाही. आणि कोकणातल्या सड्यावर आपलं नाव किंवा चित्र कोरून येणं हा तर अक्षम्य प्रकार आहे. शेजारीच हजारो वर्षांपूर्वीची रेघ असू शकते, गवताखाली झाकलेली.

हत्यारं, जागा आणि धूळ

हत्यारं थोडी लागतात. अर्धा ते पाऊण किलोची हातोडी. टोकदार टाकी एक, दातेरी छिन्नी एक, सपाट छिन्नी दोन, त्यातली एक अरुंद. लोखंड कापायची करवत. एक खरखरीत अर्धगोल कानस आणि एक बारीक गोल कानस. ८०, १२०, २२०, ४०० आणि ८०० नंबरचा पाण्यात चालणारा पॉलिश पेपर. बस. विजेची यंत्रं सध्या घेऊ नका.

टाकीचं टोक बोथट झालं की दगड कापला जात नाही, नुसता चेचला जातो. पाथरवट लोक लोहाराकडून टोक काढून, पाणी पाजून (तापवून पाण्यात बुडवून कडक करून) घेतात. तुमच्या गावात अजून लोहाराचा भाता असेल तर त्याच्याकडेच जा. मऊ दगडासाठी एकदा करून घेतलेलं टोक बरेच दिवस टिकतं.

दगड ठेवायला गोणपाटाची पिशवी घ्या, वाळूने अर्धीच भरा आणि तोंड शिवून टाका. अर्धी अशासाठी की दगड तिच्यात बसतो, हलत नाही आणि घावाचा हादरा वाळू पिते. टेबलावर किंवा फरशीवर थेट ठेवलेला दगड खालच्या बाजूने फुटतो. उभं राहून काम करणार असाल तर पिशवी कमरेच्या उंचीवर ठेवा.

आता धुळीबद्दल, आणि हे घाईने वाचू नका. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती परत येत नाही. सिलिकोसिस हा दगडफोड्यांचा जुना आजार आहे आणि तो बरा होत नाही. वालुकाश्म आणि ग्रॅनाइटमध्ये सिलिका जास्त, संगजिऱ्यात कमी. पण काही ठिकाणच्या संगजिऱ्यात अ‍ॅस्बेस्टॉसच्या जातीचे तंतू असू शकतात. म्हणून दगड कुठलाही असो, नियम एकच: ओलं काम. फवाऱ्याची बाटली शेजारी ठेवा आणि दर काही मिनिटांनी दगड भिजवा. नाकाला नीट बसणारा एन-९५ मास्क लावा, फडकं पुरत नाही. डोळ्यांवर बंद चष्मा हवाच. अंगणात किंवा गच्चीवर बसा, वारा पाठीमागून येईल असं. काम संपल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. चिखलाचं पाणी बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि खालचा गाळ वेगळा टाका, नाहीतर मोरी तुंबते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. लहान मुलांना बघायचं असेल तर लांबून.

शाडूचा पिंगळा

दगडात चूक भरून काढता येत नाही, मातीत येते. गणपतीच्या कारखान्यातून दोन-तीन किलो शाडू आणा आणि दगडाच्या मापाचाच पिंगळा करा. डोकं थोडं वळवायचं का, किती, हे इथेच ठरवा. माझ्या अनुभवात साधारण वीस अंश वळलेलं डोकं सर्वांत जिवंत वाटतं. समोर बघणारा पिंगळा देवळातल्या द्वारपालासारखा ताठ दिसतो.

मातीचा नमुना मांजरपाटात न गुंडाळता उघडाच थोडा सुकू द्या, पूर्ण वाळू देऊ नका. मग तो हातात धरून डोळे मिटा आणि अंगठ्याने चाचपा. कुठे टोक लागतंय? चोच बाहेर आली असेल तर ती दाबून चेहऱ्याच्या पातळीत आणा. खऱ्या पिंगळ्याची चोचही चेहऱ्याच्या पिसांत अर्धी बुडालेली असते. माझ्या पहिल्या शिल्पात मी चोच बाहेर काढली होती आणि शेवटच्या दिवशी, पॉलिश पेपर फिरवताना, ती गेली. तेव्हा ज्यांच्याकडे मी शिकत होते ते पाथरवट मामा शांतपणे म्हणाले, ‘दगडाला बाहेर काढू नको, आतच ठेव.’ ते वाक्य मी आजही प्रत्येक कामाआधी आठवते.

आखणी

दगडाचा तळ आधी सपाट करा, म्हणजे तो डगमगणार नाही. तळापासून चार सेंटीमीटरवर चारही बाजूंनी रेघ मारा. त्याखालचा भाग बैठकीचा, तिथे तूर्तास हात लावायचा नाही.

मग चारही बाजूंवर ओळंब्याने मध्यरेषा काढा. मूर्तिशास्त्रात मूर्तीच्या मधोमध जाणाऱ्या या उभ्या रेषेला ब्रह्मसूत्र म्हणतात आणि जुने मूर्तिकार ती शेवटपर्यंत जपत. टाकी चालली की रेघ उडून जाते, म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला ती पुन्हा काढायची. ओल्या दगडावर पेन्सिल उमटत नाही, गेरू किंवा मेणाचा खडू वापरा. डोकं वळलेलं ठेवणार असाल तर डोक्याची मध्यरेषा धडाच्या रेषेपासून वेगळी काढा. पहिल्यांदा सगळे इथेच गोंधळतात. डोकं वळवतात, पण चोच मात्र धडाच्या रेषेवर आणून ठेवतात.

समोरच्या बाजूवर समोरची बाह्यरेषा, बाजूच्या अंगावर बाजूची. डोकं उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं. काढून टाकायचा भाग तिरक्या रेघांनी भरून टाका, म्हणजे हात चुकून भलत्या ठिकाणी पडणार नाही.

ढोबळ घडण

पहिलं काम करवतीचं. बाजूची बाह्यरेषा धरून जो भाग जायचा, त्यात दोन-दोन सेंटीमीटरवर आडवे काप द्या, बाह्यरेषेच्या अर्धा सेंटीमीटर अलीकडे थांबा. मग कापांमधल्या पट्ट्या सपाट छिन्नीने एकेक उडवा. समोरच्या बाह्यरेषेचंही असंच. आता हातात एक चौकोनी, कोनाकोनांचा पिंगळा येईल. तो बेढब दिसतो, पण या टप्प्यावर तसाच दिसायला हवा.

यापुढे टाकी. डाव्या हातात ती सैल धरा, चारही बोटांनी, करंगळी टोकाच्या बाजूला. नजर टाकीच्या टोकावर ठेवा, डोक्यावर नव्हे. हातोडी आपोआप डोक्यावर पडते, दोन दिवसांत सवय होते. हातोडी आपटायची नाही, तिचं वजन पडू द्यायचं. जोर मनगटातून कमी आणि कोपरातून जास्त. टाकी दगडाशी साधारण ४५ अंशांत धरा. फार उभी धरलीत तर घाव आत शिरतो, फार आडवी धरलीत तर घसरते.

संगजिऱ्यासारख्या मऊ दगडाला सरळ घाव घातला की वरून काही दिसत नाही, पण आत पांढरा डाग पडतो. आमचे मामा त्याला मुका मार म्हणत. घोटून झाल्यावर तो डाग वर येतो, अगदी डोळ्यापाशी, आणि तेव्हा काही करता येत नाही. म्हणून शेवटच्या पृष्ठभागापासून अर्धा सेंटीमीटर राहिलं की टोकदार टाकी खाली ठेवायची आणि दातेरी छिन्नी घ्यायची. तिच्या दातांमुळे घाव वाटला जातो.

दिशा सांभाळा. घाव नेहमी काठाकडून आत, भरीव भागाकडे. आतून काठाकडे घातलात तर काठाचा टवका उडतो, आणि तो कायम हवा त्यापेक्षा मोठा असतो.

एका बाजूला दहा मिनिटं काम झालं की दगड फिरवा. डोकं पूर्ण करून मग धडाकडे जाऊ, असं कधीही करू नका. सगळा पिंगळा एकदम, सगळीकडून, थोडाथोडा पुढे सरकला पाहिजे. आधी चौकोनाचे आठ कोन करा, आठाचे सोळा, मग गोल. दर अर्ध्या तासाने दगड पाच पावलांवर ठेवून लांबून बघा, उलटा करून बघा, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात बघा. सावली खोटं बोलत नाही, जिथे खळगा किंवा फुगवटा नको तिथे ती बरोबर दाखवते.

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. शनिवार-रविवार सकाळी दोन-दोन तास बसलात तर एकट्या ढोबळ घडणीला महिना लागेल, आणि तो लागू द्या. बाह्यरेषा जमली नाही म्हणून डोळे कोरून कुणी पिंगळा वाचवू शकत नाही.

चेहरा

आधी भुवई. दोन डोळ्यांच्या वरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा उतरता उंचवटा असतो, तो चोचीशी येऊन मिळतो. हा उंचवटा ठेवून त्याखाली दोन खोलगट तबकं कोरा. अरुंद सपाट छिन्नी आणि गोल कानस पुरते. तबकाच्या मध्ये डोळ्याचा हलका फुगवटा राहू द्या. दोन्ही डोळे एकाच वेळी पुढे न्या, एक पूर्ण करून दुसरा नको. नाहीतर दुसरा कधीच जुळत नाही.

बुबुळाला रंग द्यायचा नाही. मधोमध तीन-चार मिलिमीटर खोल एक खळगा करा. त्यातली सावलीच काळं बुबुळ होते आणि प्रकाश बदलला की नजर बदलल्यासारखी वाटते. खळगा भुवईच्या छायेत थोडा वर सरकवा. पिंगळ्याची ती जरा रागावल्यासारखी नजर तिथूनच येते.

गळ्यावरचा पांढरा पट्टा हा उंचवटा म्हणून नका करू. डोकं आणि छाती यांच्यामधली उथळ खाच पुरेशी आहे.

पिसं आणि बैठक

एकेक पीस कोरायला बसू नका. दूरवरून बघताना तुम्हाला पिसं दिसली नव्हती, पोत दिसला होता. पंखांची कड आणि शेपटीची दोन-तीन लांब पिसं एवढीच रेघेने दाखवा. डोक्यावरचे आणि पाठीवरचे ठिपके टोकदार टाकीने, अगदी हलक्या हाताने, एकेक टोचून काढा. हे काम सगळ्यात शेवटी, घोटून झाल्यावर करायचं. गुळगुळीत गडद पृष्ठभागावर टोचलेली जागा पांढरट दिसते, त्यामुळे पिंगळ्याचे पांढरे ठिपके रंगाविना मिळतात. जो मुका मार इतका वेळ टाळला, तोच इथे जाणूनबुजून कामाला येतो. रानपिंगळा घडवत असाल तर डोकं कोरंच ठेवा आणि पोटाकडे आडवे पट्टे टोचा.

आणि बैठक. इथे आपल्या मुलखाला जागा आहे. बरेच जण खाली फांदी कोरतात. फांदी तुटते आणि पिंगळा कुठल्याही देशातला वाटतो. त्याऐवजी ते चार सेंटीमीटर सह्याद्रीला द्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे झाले. हरिश्चंद्रगडाचा किंवा कुठलाही कडा बाजूने बघा, आडव्या पट्ट्या दिसतात. बैठकीला तशा तीन-चार आडव्या पायऱ्या द्या, एकसारख्या जाडीच्या नकोत, आणि त्यांवर टाकीचे घाव तसेच राहू द्या. वर गुळगुळीत पक्षी आणि खाली खडबडीत कडा. दोन्ही एकाच दगडाचे असूनही वेगळे वाटतात.

नदीकाठच्या मंडळींनी निघोजला जाऊन यावं. पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी काळ्या पाषाणात रांजण कोरलेत. त्या रांजणाची गोल, आत वळलेली कड बैठकीला घेतली तर पिंगळा ढोलीच्या तोंडाशी बसल्यासारखा दिसतो.

घोटणं

कानशीने टाकीचे घाव पूर्ण जाईपर्यंत घासा. मग पॉलिश पेपर, वाहत्या पाण्याखाली किंवा पाण्याच्या घमेल्यात. ८०ने सुरू करून पुढच्या नंबरवर जाताना घासण्याची दिशा बदला. आधीचे ओरखडे आडवे दिसतात, ते संपले की पुढचा नंबर. एखादा नंबर गाळला तर ओरखडे ८००पर्यंत तसेच राहतात, आणि परत खाली यावं लागतं. डोळ्यांच्या तबकात पेपर बोटाला गुंडाळून फिरवा.

पूर्ण वाळायला दोन दिवस द्या. मग दगड दुपारच्या उन्हात तापू द्या आणि मधमाश्यांचं मेण कापडाने चोळा. मेण मऊ होऊन मुरतं, थंड झाल्यावर सुती फडक्याने चकाकी आणा. राखाडी दगड या क्षणी एकदम गडद होतो, त्याच्या शिरा वर येतात. बैठकीला मेण लावू नका, तो फरक राहू द्या. ठिपके मेणानंतर टोचा.

तुटलं तर

टवका उडाला तर आधी तुकडा शोधा आणि पिशवीत ठेवा. जोड कोरडी आणि स्वच्छ असेल तर दोन भागांचा एपॉक्सी गोंद चांगला धरतो. फटीत त्याच दगडाची भुकटी गोंदात कालवून भरा. पण लहान तुकड्यासाठी हा खटाटोप करण्याआधी विचार करा, तेवढा भाग मागे नेता येईल का. पंखाची कड उडाली तर दोन्ही पंख थोडे आत घ्या. पिंगळा किंचित बारीक होईल, हिवाळ्यातून बाहेर आल्यासारखा. त्याने काही बिघडत नाही.

पुढचा दगड

पहिला पिंगळा झाल्यावर जांभ्याकडे वळता येईल. ताज्या खाणीतला चिरा मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो. म्हणून काढल्यावर लवकर घडवावा. तो सच्छिद्र आहे, बारीक काम घेत नाही. त्यात बेडूक, खेकडा, रानडुक्कर असे जाड आकार आणि खोल रेघा शोभतात, घोटायचा प्रश्नच नाही.

काळ्या पाषाणाकडे जाताना आधी पाटा-वरवंटा घडवणाऱ्या पाथरवटाशेजारी आठवडाभर बसा. वडार आणि पाथरवट घरांतली ही विद्या मिक्सरमुळे कमी होत चाललीय. त्यांचा दिवस मोडतो, तेव्हा मजुरी देऊन शिका. काळ्या पाषाणाला हातोडी किलोभराची लागते आणि टाकी कार्बाइडच्या टोकाची. त्यात पांढऱ्या गारा आणि पोकळ्या अचानक लागतात. गारेवर टाकी घसरते, तिथे घाव न घालता भोवतीचा दगड आधी मोकळा करायचा. गोव्यातल्या तांबडी सुर्लच्या महादेवाच्या मंडपात खांबाच्या तळाशी कोरलेले हत्ती याच काळ्या दगडाचे आहेत. जाल तेव्हा त्यांच्या पायांमधली जागा बघा. कारागिराने ती पोखरून आरपार केलेली नाही, दगड मागे तसाच ठेवलाय, आणि हत्ती शतकानुशतकं उभे आहेत.

तुमचा पिंगळा बाहेर ठेवणार असाल तर पावसाळ्यानंतर मऊ ब्रशने नुसत्या पाण्याने शेवाळ काढा, अ‍ॅसिड किंवा साबण वापरू नका, आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा एकदा मेण लावा.